काय झालं, कधी झालं

चार नंबरची खिडकी आता माझ्याकडे आहे. गांगुर्डे भाऊसाहेब रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी नवीन माणूस घेणार होते. तो काही आला नाही. मग तीन नंबरला बसून फी घेणाऱ्या मलाच सांगितलं गेलं, की मॅडम, जरा फी-सवलतीचंही तेवढं बघून घ्या. 'जरा तेवढं' म्हणजे तीन कपाटं भरून फायली, टाचण्यांचा एक डबा आणि एक निळं प्लास्टिकचं स्टूल. हे स्टूल इथे कशाला, असं नव्या रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, असू द्या, लागतं. आता यांना काय सांगत बसायचं!

आमचं कॉलेज फार्मसीचं, खासगी, नाशिकरोडच्या अलीकडे. मुलं सटाणा, कळवण, निफाड, सिन्नर अशी कुठकुठून येतात. फी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून संस्थेची स्वतःची एक सवलत आहे. घरचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या खाली असेल तर निम्मी फी माफ. उत्पन्न किती, ते सांगतो तहसीलचा दाखला, आणि दाखला मिळतो तो मागच्या वर्षाचा. सगळी मेख इथेच आहे. बाप मागच्या वर्षी कमावता होता आणि यंदा अंथरुणाला खिळला, तरी कागदावर तो अजून कमावतोच. "माणूस आज पडतो ताई," भाऊसाहेब म्हणायचे, "आणि त्याचा कागद पुढच्या एप्रिलात पडतो." मधल्या महिन्यांत जी मुलं लटकायची, ती चार नंबरला यायची.

त्यांच्यासाठी नियमात एक फट होती. 'बदललेल्या कौटुंबिक परिस्थितीबाबत' असा विषय लिहून अर्ज करायचा. जानेवारीत संस्थेची कमिटी बसायची, अर्ज वाचायची आणि वाटलं तर सवलत द्यायची. वाटलं तर! या एका शब्दावर भाऊसाहेबांनी नोकरीची सगळी वर्षं काढली.

माणूस बुटका, अंगाने काटक. दिवाळी झाली की कॉफी रंगाचा हाफ स्वेटर अंगावर चढायचा तो होळीलाच उतरायचा. राहायला जेलरोडच्या एका कॉलनीत. डबा बरोबर बारा चाळीसला उघडायचे, कारण एकला प्रॅक्टिकल सुटून मुलं येतात आणि मुलांसमोर तोंड हलवत बसणं त्यांना आवडायचं नाही. स्टेपलरला कधी हात लावला नाही. म्हणायचे, लोकांचे ओरिजिनल कागद असतात, टाचणी काढता येते, पिनेने फाटतो. मी स्टेपल मारून दिलेली पावतीसुद्धा ते नखाने अलगद सोडवून, टाचणी लावून परत द्यायचे आणि वर माझ्याकडे असं बघायचे की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

मुलांनी खिडकीबाहेर उभं राहून बोलायचं, असा कॉलेजचा नियम. भाऊसाहेब मात्र एखाद्या पोराचा आवाज जरा कापला, की म्हणायचे, "इकडून ये, दारातून." आणि त्या निळ्या स्टुलावर बसवायचे. प्राचार्यांनी एकदा टोकलं, की आत कशाला घेता? तर हे म्हणाले, "सर, रडायचं असेल तर माणसाने बसून रडावं. उभ्याने त्रास होतो."

आणि मग ते त्यांचं ठरलेलं वाक्य. कोरा कागद पुढे सरकवून म्हणायचे, "काय झालं ते लिही. कधी झालं ते लिही. बाकी मी बघतो."

गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याशी त्यांचं हाडवैर होतं, ते यावरूनच. त्याच्याकडे छापील अर्ज मिळायचा. 'मी अत्यंत गरीब व होतकरू विद्यार्थी असून' असं त्यात सुरुवातीलाच असायचं, फक्त नाव भरायचं. असा अर्ज आला की भाऊसाहेब फाडून टाकायचे. एकदा मुलाला घेऊन थेट दुकानात गेले. मी बँकेतून परत येत होते म्हणून तमाशा बघायला मिळाला. हे म्हणत होते, "गरीब सगळेच लिहितात, कमिटीला झोप येते. याची म्हैस गेली, बाप गेला, दुकान जळलं, ते कुठे आहे तुझ्या अर्जात?" झेरॉक्सवाला म्हणाला, "भाऊसाहेब, मी धंदा करतो. म्हैस टाकू का फॉर्मॅटमध्ये?" सगळे हसले. भाऊसाहेबही हसले, पण अर्ज फाडायचं काही सोडलं नाही.

स्वतःबद्दल फार बोलायचे नाहीत. एकदाच मी विचारलं, तुम्ही पुढे का नाही शिकलात? "माझी स्कॉलरशिप वेळेवर आली असती तर मी आत केबिनमध्ये बसलो असतो," ते म्हणाले. "चार महिने उशिरा आली, म्हणून तुमच्या शेजारी आहे. तुमचं नशीब!" एवढं बोलून लगेच फायलीत डोकं घातलं.

देवमाणूस वगैरे होते असं मात्र कुणी समजू नका. भयंकर हट्टी होते. आणि कागदापुढे फार नमायचे. एकदा पांढऱ्या मोठ्या गाडीतून एक गृहस्थ आले, बोटांत अंगठ्या. मुलीसाठी सवलत पाहिजे होती. दाखल्यावर उत्पन्न इतकं कमी, की तेवढ्यात त्या गाडीचं डिझेलसुद्धा झालं नसतं. मी खुणावत होते, नाकारा म्हणून. भाऊसाहेबांनी दाखला उजेडात धरला, शिक्का पाहिला, सही पाहिली आणि टाचणी लावून फायलीत घातला. ते गृहस्थ गेल्यावर मी फाडफाड बोलले. "तुम्हाला दिसत नव्हतं का? डोळे आहेत की नाहीत?" तर म्हणाले, "ताई, दिसण्याला नियमात रकाना नाही. कागद बरोबर आहे." मग उठून बाहेरच्या नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही, आता मी तेच करते.

वैशाली आहेर दुसऱ्या वर्षाला होती. उंच, कमी बोलणारी, पहिल्या वर्षाला वर्गात दुसरी आलेली. मूळ घर सटाण्याकडचं. वडील एकलहऱ्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे फिटर. कमाई बऱ्यापैकी, ओव्हरटाइम धरून. म्हणजे सवलतीच्या मर्यादेच्या चांगलीच वर, म्हणून तिने कधी अर्ज केला नव्हता. दिवाळीनंतर एका सकाळी आंघोळीला गेलेले वडील मोरीतच पडले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

महिनाभराने ती खिडकीशी आली. दुसरा हप्ता जानेवारीत भरायचा होता, नाहीतर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. माझ्याकडेच आली आधी. मी म्हटलं, मुदत मला देता येत नाही गं, शेजारी विचार. भाऊसाहेबांनी तिला आत घेतलं. ती स्टुलावर बसली, पण रडली नाही. कोरा कागद घेतला आणि काय झालं, कधी झालं ते एका पानात लिहून दिलं. भाऊसाहेबांनी हलक्या आवाजात वाचून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, एक शब्द बदलायचा नाही यात." इतकी वर्षं शेजारी बसले, पण असं बोलताना त्यांना मी तेव्हाच ऐकलं.

दोन दिवसांनी आई आली. नऊवारी नाही, साधी पाचवारी, डोक्यावर पदर. बाईंनी हात जोडले, पोरीला तिचा बाप शिकवत होता असं अहिराणीत सांगू लागल्या. "मन्ही पोर हुशार शे, साहेब. तिना बाप तिले शिकाडी ऱ्हायंता." भाऊसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, की पगार पूर्ण बंद झाला का? बाई जरा घुटमळल्या. मग खरं ते सांगितलं. ठेकेदार माणूस बरा होता. त्याने आहेरांचं नाव हजेरीवरून काढलं नव्हतं, निम्मा पगार हातात देत होता, आणि बोलता-चालता झाले की गेटवर खुर्ची टाकून बसवीन म्हणाला होता.

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. कमिटी पहिला प्रश्न हाच विचारणार. नाव हजेरीवर आहे, पगार चालू आहे, मग परिस्थिती बदलली कुठे? ते थोडा वेळ टाचण्यांच्या डब्यात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "वहिनी, ठेकेदाराकडून एका ओळीचं पत्र आणा. कामावरून कमी केलं आहे, असं. फक्त कागदापुरतं. त्याला म्हणावं, तुझं जे चाललंय ते चालू दे, आम्हाला कॉलेजात दाखवायला पत्र पाहिजे."

मी शेजारीच होते. सगळं ऐकत होते. मला काही खटकलं असतं तर आज निदान तेवढं समाधान असतं. उलट मीच म्हटलं, "हो हो, पत्र असलं की काम पक्कं!"

पत्र आलं. लेटरहेडवर टाइप केलेलं, शिक्क्यासकट. भाऊसाहेबांनी ते अर्जाला इतकं नीट लावलं, की कडा अगदी कडेला जुळली. डॉक्टरचे कागद, तलाठ्याचा चौकशीचा कागद, सगळं मागोमाग. मला म्हणाले, "ताई, इतकी पक्की फाइल माझ्या हातून कधी झाली नाही."

कमिटी बसली तेव्हा पाणी द्यायला आणि लागली तर रजिस्टरं पुढे करायला मी आत होते. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. वैशालीचा अर्ज त्यांनी पूर्ण वाचला, दोनदा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गांगुर्डे, मला पटतंय हो. पण दाखला मागच्या वर्षाचा आहे, आणि तो मर्यादेच्या सव्वापट आहे. उद्या ऑडिटवाल्याने विचारलं तर काय दाखवू?"

"साहेब, कमी केल्याचं पत्र आहे सोबत."

"पत्राने उत्पन्न ठरत नाही ना. या वर्षाचा दाखला आणा, लगेच सही करतो."

"या वर्षाचा दाखला एप्रिलशिवाय निघत नाही साहेब."

"मग एप्रिलात बघू."

"परीक्षेचा फॉर्म पुढच्या आठवड्यात आहे."

अध्यक्षांनी हात उलटे केले. त्यांच्याही हातात काही नव्हतं, हे दिसत होतं. फाइल मिटली आणि पुढचा अर्ज वर आला. भाऊसाहेब पुढच्या अर्जाचं नाव वाचायला उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

हप्ता न भरलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते. ती यादी मी करते, खाली सही माझी असते. सातवं नाव आहेर. आम्ही दोघांनी वर्गणी काढायची म्हटलं, स्टाफपैकी चौघांनी दिली, पण रक्कम इतकी मोठी होती, की ती वर्गणी घेऊन कुणाकडे जायची लाज वाटावी. तीही वैशालीने घेतली नाही. "सर, एवढ्याने फॉर्म भरता येणार नाही ना? मग राहू द्या," म्हणाली.

त्यानंतर आठवड्याने तिची आई पुन्हा आली. या खेपेला स्टुलावर बसली नाही. ठेकेदाराच्या ऑफिसात मुंबईचा कुणी हिशेब बघणारा आला होता. त्याने विचारलं, कमी केल्याचं पत्र दिलंय, मग नाव हजेरीवर कसं? झालं! नाव निघालं, निम्मा पगार बंद झाला आणि गेटवर दुसरा माणूस बसला. ठेकेदार म्हणाला, वहिनी, पत्र तुम्हीच मागितलं होतं. बाई हे सगळं सांगताना एकदाही आवाज चढवून बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "साहेब, ते पत्र परत देता येईन का? म्हंजे त्याले दाखवते, नाय दिलं म्हणून."

भाऊसाहेबांनी कपाट उघडलं, फाइल काढली, टाचणी सोडवली आणि पत्र बाईंच्या हातात दिलं. त्याने काही होणार नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं बाईंनाही माहीत होतं. तरी त्यांनी पत्र चौघडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं.

बाई गेल्यावर भाऊसाहेब मला म्हणाले, "पांढऱ्या गाडीवाल्याचा कागद खरा नव्हता आणि तो खरा धरला. आमचा कागद नुसता कागद होता, तोही ठेकेदाराकडे खराच धरला." त्या दिवशी डबा त्यांनी उघडलाच नाही.

फेब्रुवारीपासून वैशाली पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर जायला लागली. आईही तिच्याबरोबर. भाऊसाहेबांनी ते वाक्य पूर्ण म्हणणं सोडलं, हे माझ्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. कोरा कागद पुढे सरकवायचे, "काय झालं ते लिही, कधी झालं ते लिही," म्हणायचे आणि थांबायचे. पोरं वाट बघायची, की आणखी काही सांगतील. ते खिडकीबाहेर बघायचे.

एप्रिल लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी रजा टाकली. पाच वर्षांत घेतली नव्हती एवढी. वैशालीच्या आईला बरोबर घेऊन सेतू केंद्रात गेले, तलाठ्याकडे गेले, तहसीलला दोन दिवस बसले. दाखला निघाला. आधीच्या महिन्यांचा पगार धरूनसुद्धा उत्पन्न मर्यादेच्या खाली. दाखला हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, गाडी काढा."

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते पिंपळगावपर्यंत आले. हायवेवर ट्रक शेजारून गेला, की दाखल्याची पिशवी छातीशी धरायचे. पॅकहाऊसमध्ये हंगाम संपत आला होता. आत गार हवा, रांगेने टेबलं, डोक्याला टोपी, हातात मोजे घालून बायका घडातले खराब मणी कात्रीने काढत होत्या. वैशाली तिसऱ्या टेबलाला होती. आम्हाला बघून कात्री थांबली नाही, पण हसली.

भाऊसाहेबांनी दाखला पुढे केला. मोजे ओले होते, म्हणून तिने हात लावला नाही. ते तिच्या डोळ्यांसमोर धरून उभे राहिले आणि तिने तसाच वाचला.

"एवढं कमी?" ती म्हणाली.

"आता बसतं नियमात. जूनमध्ये पुन्हा दुसऱ्या वर्षाला ये. निम्मी फी माफ होईल. मी अर्ज लिहून ठेवलाय."

"आणि निम्मी, सर?"

भाऊसाहेबांनी दाखला घडी करून पिशवीत घातला. निम्मी फी आधी बापाच्या पगारातून आली असती. तो पगार आता नव्हता, आणि का नव्हता हे तिथे उभ्या असलेल्या तिघांना माहीत होतं. तिने घड उचलला, फिरवून पाहिला, एक मणी कापला. "भाऊ दहावीला आहे सर. त्याच्या वेळी येते तुमच्याकडे," ती म्हणाली. भाऊसाहेब मे महिन्यात रिटायर होणार होते, पण ते तिला सांगितलं नाही. सुपरवायझर बघायला लागला, तसे आम्ही निघालो. पोरीने जाताना मूठभर द्राक्षं कागदात बांधून दिली. येताना ती पिशवीत तशीच राहिली आणि दाखल्याला डाग पडला.

मेच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. प्राचार्य म्हणाले, गांगुर्डेंनी शेकडो मुलांचं भलं केलं. खोटं नव्हतंच ते. भाऊसाहेब उभे राहिले, "सगळ्यांचे आभार" म्हणाले आणि खाली बसले. मग मला किल्ल्या दिल्या, कुठल्या कपाटात काय आहे ते दाखवलं आणि टाचण्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून निघाले.

मी सहज म्हणून यंदाच्या अर्जांची फाइल उघडली. वैशालीच्या अर्जामागे आणखी एक कागद होता. अक्षर भाऊसाहेबांचं. अध्यक्षांच्या नावे, विषय तोच, 'बदललेल्या कौटुंबिक परिस्थितीबाबत'.

'कु. वैशाली आहेर हिच्या वडिलांना दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर त्यांना निम्मा पगार मिळत होता व गेटवर बसण्याचे काम मिळणार होते. डिसेंबरमध्ये मी तिच्या आईला ठेकेदाराकडून कमी केल्याचे पत्र आणण्यास सांगितले. ते पत्र अर्जास लागणार नव्हते. मला लागेल असे वाटले. पत्रामुळे पगार बंद झाला व काम गेले. परिस्थितीत हा बदल माझ्यामुळे झाला आहे. तरी श्री. आहेर यांना आपल्या कॉलेजच्या गेटवर बसून करण्यासारखे काम द्यावे, ही विनंती.'

काय झालं, कधी झालं. एक शब्द इकडेतिकडे नाही. आणि कोपऱ्यात लाल शाईने शेरा, 'नियमात बसत नाही. दप्तरी दाखल.' तारीख फेब्रुवारीची. म्हणजे एप्रिलात माझ्या स्कूटीवर मागे बसून आले तेव्हा हा कागद नाकारला गेलेला होता, आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नाही! आवक क्रमांक टाकून, टाचणी लावून, स्वतःच्या हाताने त्यांनी तो जागच्या जागी लावला होता.

मी खिडकीशी धावले. भाऊसाहेब गेटपाशी पोहोचले होते. एका हातावर शाल, दुसऱ्या हातात नारळाची पिशवी. वॉचमन कुणाची तरी गाडी आत घ्यायला पुढे गेला होता आणि त्याची खुर्ची रिकामी होती. भाऊसाहेब त्या खुर्चीजवळ थांबले. नारळाची पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. वॉचमन परत येऊन म्हणाला असावा, की बसा ना भाऊसाहेब, कारण त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग पिशवी उचलली आणि गेटबाहेर पडले.